टोरांटो मेपल लीफ्सचे जीएम : अति घाई संकटात नेई?

निळा_कंदील

2025 मध्ये आपला स्टार मार्नर व्हेगासला गेला, टीमचा प्रेसिडेंट शॅनाहनला नारळ मिळाला, फ्लोरिडाने प्लेऑफच्या निर्णायक सातव्या मॅचला आपल्याच घरी 6-1 धुतलं आणि इकडे मिसिसागातल्या आमच्या ग्रुपवर सगळे मिळून 2023 ला जीएम झालेल्या ट्रेलिव्हिंगच्या नावाने खडे फोडतायत. फोडा, पण माझ्या मते रोग जुना आहे. 1967 नंतर स्टॅन्ली कप (लीगची ट्रॉफी) नाही आणि त्याचं खापर कोणी गोलीवर फोडतं, कोणी रेफरीवर (1993 वाल्यांनो, तुमचं माहितीये मला). मी म्हणतो जनरल मॅनेजरच्या खुर्चीत जो बसतो त्याला इथे घाई होते, बास. घाटात तो बोर्ड असतो ना, अति घाई संकटात नेई, तो लीफ्सच्या ऑफिसात लावायला हवा होता.

ज्यांना हॉकी म्हणजे धनराज पिल्ले एवढंच माहितीये त्यांच्यासाठी: एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) आयपीएलसारखा लिलाव नसतो. दर वर्षी अठरा वर्षांची पोरं ड्राफ्टमध्ये येतात, जी टीम तळाला राहिली तिला साधारण आधी निवडायला मिळतं, आणि हा निवडीचा हक्क, ज्याला पिक म्हणतात, तो दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात तयार खेळाडू घेता येतो. पुढच्या वर्षीचा पिक, त्याच्या पुढच्या वर्षीचाही. म्हणजे उद्याचं देऊन आजचं घ्यायची सोय आहे आणि आपल्या लोकांनी ती मनसोक्त वापरलीये.

ऑक्टोबर 1989, जीएम फ्लॉइड स्मिथ. टॉम कर्व्हर्स नावाच्या डिफेन्समनसाठी 1991 चा पहिल्या फेरीचा पिक न्यू जर्सीला देऊन टाकला. 1990-91 मध्ये टीम इतकी घसरली की तो पिक तिसऱ्या नंबरचा निघाला आणि न्यू जर्सीने त्यावर स्कॉट नीडरमायर घेतला. तोपर्यंत कर्व्हर्स टोरांटोत नव्हताच, जानेवारीतच त्याला व्हँकुव्हरला पाठवलेलं! 1996, क्लिफ फ्लेचर. लाडका वेंडल क्लार्क परत आणायचा म्हणून आयलंडर्सना जे काही दिलं त्यात 1997 चा पहिला पिक होता, तो झाला रॉबेर्टो लुओंगो. 2006, जॉन फर्ग्युसन ज्युनियर. टुका रास्क (वारकरी नव्हे, फिनलंडचा) बोस्टनला दिला आणि अँड्र्यू रेक्रॉफ्ट घेतला. 2009, ब्रायन बर्क. फिल केसलसाठी दोन पहिले पिक आणि एक दुसरा, परत बोस्टनलाच, त्यातनं त्यांना टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन मिळाले.

मग 2013 ची सातवी मॅच, तिसऱ्या पिरियडमध्ये 4-1 पुढे असताना 5-4 हरलो ती. समोर गोलमध्ये कोण होता? रास्क. बोस्टनच्या बाजूने सेगिनही खेळत होता. आपणच पाठवलेली माणसं.

बोला.

सातारी_तर्री

मी पुण्यात, आइस हॉकी कधी बघितली नाही, पण धागा जबरी. एक बाळबोध प्रश्न. कोच असताना हा जीएम काय करतो? आणि एवढे घोळ घातल्यावर पुढच्याला कळत कसं नाही?

निळा_कंदील

@सातारी_तर्री, आज रात्री कोण किती वेळ बर्फावर उतरेल ते कोच बघतो. टीममध्ये मुळात कोण असेल, कोणाला किती वर्षांचं किती पैशाचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं, कोणाला कुठे धाडायचं आणि खुद्द कोचला कधी काढायचं हे जीएम ठरवतो. त्यामुळे कोचची चूक त्या रात्रीपुरती, जीएमची चूक दहा वर्षं पुरते. पुढच्याला का कळत नाही हाच तर धागा आहे :)

जुनाजाणता

कंदीलराव, धागा चांगला पण तुम्ही सुरुवातच 1989 पासून केलीत, म्हणजे सिनेमाच्या इंटरव्हलला आत शिरलात. मी सत्तरच्या दशकात इकडे आलो, तेव्हा मेपल लीफ गार्डन्समध्ये हॅरॉल्ड बॅलार्डचं राज्य होतं. हा मालक. 1972 मध्ये फसवणूक आणि चोरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरून तुरुंगात गेला, बाहेर आला आणि परत टीम चालवायला लागला. जीएम होता जिम ग्रेगरी, 1969 ते 1979. ह्या माणसाने काय घाई केली सांगा? 1970 ला आठव्या नंबरवर डॅरिल सिटलर. 1973 ला ड्राफ्टमधून लॅनी मॅकडॉनल्ड, आणि त्याच वर्षी स्वीडनहून बॉर्ये सालमिंग. त्या काळात युरोपातली पोरं मार खाऊन पळतील असं इथले लोक खुशाल बोलायचे आणि ह्याने सालमिंग आणून उभा केला, जो पुढे हॉल ऑफ फेमला गेला. 1978 मध्ये आयलंडर्ससारख्या टीमला सातव्या मॅचमध्ये ओव्हरटाइमला हरवलं, गोल लॅनीचा.

आणि त्याच ग्रेगरीला बॅलार्डने पैसा दिला नाही म्हणून बर्नी पॅरंटसारखा गोली 1972 मध्ये दुसऱ्या लीगला गेला आणि पुढे फिलाडेल्फियाकडून लागोपाठ दोन कप जिंकला. 1979 मध्ये बॅलार्डने कोच रॉजर नीलसनला काढलं, मग खेळाडूंनी गलका केल्यावर परत बोलावलं आणि वर म्हणे डोक्यावर कागदी पिशवी घालून बेंचवर ये, म्हणजे लोकांना सस्पेन्स! नीलसनने अर्थातच नकार दिला. त्या उन्हाळ्यात ग्रेगरीलाही घरी बसवलं. गंमत ऐका, आज एनएचएलमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम जीएमला जे बक्षीस देतात त्याला ह्याच जिम ग्रेगरीचं नाव आहे. आपण हाकललेला माणूस.

त्यामुळे जीएमच्या घाईवर मला धागा पटत नाही. मालक तसा असेल तर जीएम म्हणजे नुसता शिक्का मारणारा.

सातारी_तर्री

कागदी पिशवी =)) =)) हे खरं आहे?

जुनाजाणता

अगदी खरं. आणि त्याच्या पुढचं तर जास्त वाईट आहे. ग्रेगरीच्या जागी बॅलार्डने पंच इमलाकला परत आणलं. इमलाक म्हणजे साठच्या दशकातला देव, जीएम आणि कोच दोन्ही, 1962, 63, 64 आणि 67 चे चार कप त्याचे. पण 1979 मधली पोरं 1962 ची नव्हती, त्यांची युनियन होती, एजंट होते, आणि ह्याला हवी होती मान खाली घालून ऐकणारी टीम. सिटलरशी वाजलं. सिटलरच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये त्याच्या परवानगीशिवाय ट्रेड करता येणार नाही असं कलम होतं, मग इमलाकने काय केलं तर त्याच्या जिवलग दोस्ताला, लॅनीला, वर्षाअखेरीस कोलोराडोला पाठवून दिलं. सिटलरने जर्सीवरचं कॅप्टनचं सी अक्षर कापून काढलं. लोक गार्डन्सबाहेर निदर्शनं करत होते, ह्या थंडीत.

आकडेमोड्या

धागाकर्त्यांशी प्रचंड असहमत. तुमच्या थिअरीला एकच माणूस पुरेसा आहे: काइल डूबस. 2018 मध्ये 32 व्या वर्षी जीएम झाला, आणि पाच वर्षं त्याच्यावर एकच आरोप होता की हा माणूस हलतच नाही! मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर, टॅव्हारेस, हे चार जण धरून बसला. दर वसंतात पहिल्या फेरीत बाहेर पडायचं, दर वसंतात टीव्हीवरचे बाबा ओरडायचे की ह्यातला एक विका, आणि डूबस म्हणायचा माझा ह्यांच्यावर विश्वास आहे. 2021 मध्ये माँट्रियलविरुद्ध 3-1 पुढे असताना हरलो, तरी कोणाला विकलं नाही. घाई म्हणता ती हीच का?

तो का हरला ते आकड्यांत आहे. टॅव्हारेस 7 वर्षांना 7 कोटी 70 लाख डॉलर, मॅथ्यूज वर्षाला 1 कोटी 16 लाख, मार्नर 1 कोटी 9 लाख, नायलँडर जवळजवळ 70 लाख. चौघांचे मिळून वर्षाला साधारण 4 कोटी 5 लाख, आणि पूर्ण टीमवर खर्च करायची वरची मर्यादा होती 8 कोटी 15 लाख. निम्मे पैसे चार जणांत. हा हिशोब मर्यादा दर वर्षी वाढत जाईल असं धरून केलेला होता, आणि तेव्हा सगळेच तसं धरायचे. मग कोविड आला, स्टेडियम रिकामी, मर्यादा आहे तिथेच गोठली. ह्यात जीएमने काय करायचं होतं, पंचांग बघायचं?

निळा_कंदील

@आकडेमोड्या, अहो डूबसला संयमी म्हणताय? चौघांच्या बाबतीत संयमी, मान्य. पण पिकचं बघा की. 2019 चा पहिला पिक मझिनसाठी लॉस एंजेलिसला. 2020 चा पहिला कॅरोलायनाला, आणि तोही कोणाला आणायला नाही, तर म्हाताऱ्या मार्लोचं कॉन्ट्रॅक्ट कोणीतरी उचलावं म्हणून! तेराव्या नंबरवर त्यांनी सेथ जार्विस घेतला, बघा आता कसा खेळतो. 2021 चा पहिला फोलिग्नोसाठी, फोलिग्नो आला, थोडं खेळला, गेला. 2022 ला गोली म्राझेक नको म्हणून शिकागोशी पिकची अदलाबदल करून 25 वरून 38 वर घसरलो. 2023 चा ओरायलीसाठी. 2025 चा मॅकेबसाठी. म्हणजे वर चार पुतळे बसवले आणि खालून पाया विकत राहिला. घाई नाही तर काय हे?

आकडेमोड्या

मार्लोचं कॉन्ट्रॅक्ट डूबसने नाही, त्याच्या आधीच्या जीएमने, लॅमोरेलोने दिलेलं. 37 वर्षांच्या माणसाला तीन वर्षं, वर्षाला साडेबासष्ट लाख डॉलर. डूबसने फक्त कचरा बाहेर टाकायचे पैसे भरले.

आणि सगळे पिक सारखे धरू नका, तिथे तुमचा हिशोब चुकतो. तिसऱ्या नंबरचा पिक आणि पंचविसाव्या नंबरचा पिक ह्यांना एकाच नावाने, पहिल्या फेरीचा पिक, म्हणतात म्हणून ते एकच होत नाहीत. पंचविसाव्यावर घेतलेल्या पोरांतले कितीतरी जण एनएचएलमध्ये धड टिकतही नाहीत. स्मिथचा गुन्हा पिक विकला हा नव्हेच, त्याने तळाला जाणाऱ्या टीमचा पिक विकला, हा आहे. बर्कचंही तेच. आपण पाण्यात किती खोल आहोत हे न बघता उडी. डूबसची टीम तरी सीझनमध्ये वर असायची, त्यामुळे त्याने जे विकलं ते बरंचसं स्वस्तातलं होतं. जार्विस सोडून. तो दुखतो, मलाही.

सोनचाफा

सगळे पिक पिक करताय म्हणून विचारते, वाचवलेल्या पिकचं आपण काय केलं ते कोणी सांगेल का? 1989 चा ड्राफ्ट आठवा. लीफ्सकडे पहिल्या फेरीत एक नाही तीन पिक होते, तीन! जीएम गॉर्ड स्टेलिक, तिशीतला पोरगा, त्या वेळचा लीगमधला सगळ्यात तरुण. आणि तिन्ही पिकवर त्यांनी एकाच ज्युनियर टीमची पोरं घेतली, बेलव्हिल बुल्सची. थॉर्नटन, पिअरसन, बॅनक्रॉफ्ट. पूर्ण कॅनडा, अमेरिका, युरोप पडलेला आणि तिन्ही पोरं बेलव्हिलमधनं, चारशे एक हायवेने दोन-अडीच तास. जणू स्काउटला पेट्रोलचे पैसे त्याच्या पुढे दिले नव्हते. थॉर्नटन पुष्कळ वर्षं खेळला पण बाकी टीमसाठी, इथे जेमतेम एक सीझन.

2011 घ्या. बर्कने 22 व्या नंबरवर टायलर बिग्सला घ्यायचं म्हणून अॅनाहाइमला आपले 30 आणि 39 नंबरचे पिक दिले. बिग्स एनएचएलमध्ये एक मॅच खेळला नाही. एक सुद्धा. अॅनाहाइमने 30 वर रॅकेल घेतला आणि 39 वर जॉन गिब्सन, जो पुढे पुष्कळ वर्षं त्यांचा मेन गोली होता.

मुलगा हॉकी खेळतो म्हणून दर शनिवारी पहाटे रिंकवर बसून हेच ऐकते मी, बाकीचे बाबा लोक म्हणतात पिक जपायला हवे होते. जपून लोणचं घालणार होतात का? ज्याला पोरगा ओळखता येत नाही त्याच्या हातात पिक असला काय नसला काय.

निळा_कंदील

सोनचाफाताई, बेलव्हिलचं मला माहीत होतं पण मुद्दाम लिहिलं नव्हतं, माझ्या थिअरीला अडचणीचं आहे :)

कॅल्गरीकर

पॉपकॉर्न घेऊन वाचत होतो, आता राहवत नाही.

टोरांटोवाले फ्लेचरला लुओंगोवरून बोलतात तेव्हा आम्हा कॅल्गरीच्या लोकांना हसावं का रडावं कळत नाही. क्लिफ फ्लेचर आमचा. 1989 चा कप त्याने बांधलेला आणि त्या टीममध्ये मिशीवाला लॅनी मॅकडॉनल्ड होता, हो तोच, तुम्ही दोस्तीची शिक्षा म्हणून हाकललेला. फायनलला समोर माँट्रियलमध्ये रस कोर्टनल होता, तोही तुमचाच, स्टेलिकने जॉन कॉर्डिक नावाच्या मारामारी करणाऱ्या गड्यासाठी दिलेला.

मग फ्लेचर 1991 ला तुमच्याकडे आला आणि आला तो घाईतच आला. 2 जानेवारी 1992, आमच्याशी दहा खेळाडूंचा ट्रेड, एनएचएलच्या इतिहासातला खेळाडूंच्या संख्येने सगळ्यात मोठा. तुम्हाला मिळाला डग गिलमोर, बरोबर मकून, नॅट्रेस, वॉम्सली, मँडरव्हिल. आम्हाला मिळाला गॅरी लीमन आणि बाकी चार जण, ज्यांची नावं आमच्याकडे आता फक्त शिव्या देताना निघतात. पुढच्या सीझनला गिलमोरचे 127 पॉइंट (गोल अधिक असिस्ट), तुमच्या टीमचा रेकॉर्ड, आणि 1993 ला तुम्ही फायनलपासून एका मॅचवर. 1994 ला त्याच फ्लेचरने सगळ्या गावाचा लाडका वेंडल क्लार्क क्वेबेकला दिला आणि मॅट्स सुंडिन आणला. गावाने बोंब मारली. सुंडिनने तुम्हाला 987 पॉइंट दिले.

आता सांगा कंदील, हे दोन्ही ट्रेड घाईतले नव्हते का? घाईने गिलमोर येतो, घाईने लुओंगो जातो, माणूस तोच. मग दोष घाईचा कसा?

जुनाजाणता

+१ कॅल्गरीकर. आणि घाईचा कप पाहिजे असेल तर 1964 बघा. फेब्रुवारीत इमलाकने न्यूयॉर्कचा अँडी बाथगेट आणला, त्यासाठी डिक डफ, बॉब नेव्हिन आणि आणखी तीन पोरं दिली. दोन महिन्यांनी कप. झालं की नाही?

निळा_कंदील

काका, कप झाला, पण डफ पुढे माँट्रियलला जाऊन चार कप जिंकला ते सांगा की. आणि त्याच सुमाराचं आणखी एक, साठच्या दशकाच्या शेवटी रॉचेस्टर आणि व्हिक्टोरिया ह्या खालच्या लीगमधल्या टीम मालकांनी विकून टाकल्या, म्हणजे जिथे नवी पोरं तयार व्हायची तीच तालीम विकली. 1967 चा कप जिंकलेली टीम बघा, बावर 42, स्टॅन्ली 41, केली 39, सॉचुक 37. जिंकले, ग्रेटच, पण पुढे कोण येणार ह्याचा पत्ताच नाही.

जुनाजाणता

टीम विकल्या मालकांनी! स्टॅफर्ड स्माइथ आणि बॅलार्ड! तुम्ही माझाच मुद्दा मला परत विकताय.

आकडेमोड्या

खिक्क.

कॅल्गरीकर

मालकाचा मुद्दा बॅलार्डपर्यंत ठीक आहे काका, तो 1990 ला गेला. त्यानंतर पस्तीस वर्षं झाली, पैसा आहे, रिंक भरलेली असते, कोणी कागदी पिशव्या वाटत नाही. तरी काय? बर्क 2007 ला अॅनाहाइममध्ये कप जिंकून तुमच्याकडे आला. लॅमोरेलो न्यू जर्सीत तीन कप जिंकून आला. आणि मजा म्हणजे ह्या दोघांच्या चारही कपांत एक खेळाडू कॉमन आहे, स्कॉट नीडरमायर, तुमच्या स्मिथने कर्व्हर्ससाठी दिलेल्या पिकवाला. तीन न्यू जर्सीत, एक अॅनाहाइमला. म्हणजे तुमचे दोन जीएम मोठे झाले ते तुमच्याच चुकीवर :D

लॅमोरेलो तर टोरांटोतून आयलंडर्सकडे गेला आणि 2020 आणि 2021 असं लागोपाठ दोनदा तो जिम ग्रेगरीच्या नावाचा पुरस्कार घेऊन आला. माणूस तोच, टोरांटोत आला की त्याला काय होतं?

सोनचाफा

मीडिया होतो. रोज सकाळी रेडिओवर चार तास.

आकडेमोड्या

मीडिया माँट्रियलमध्येही आहे, दोन भाषांत आहे. तिथे सॅम पोलॉकने चौदा वर्षांत नऊ कप दिले.

जुनाजाणता

माँट्रियलचं नाव निघालंच आहे तर मूळ गोष्ट सांगतो, कारण तिकडचं राज्य उभं राहिलं ते आपल्या माणसामुळे. कॉन स्माइथ म्हणजे लीफ्सचा जनक, 1927 ला टीम घेतली, नाव बदललं, 1931 ला मंदीत पाच-सहा महिन्यांत मेपल लीफ गार्डन्स उभं केलं, मजुरांना मजुरीचा काही भाग शेअर्समध्ये देऊन. त्याआधी रेसमध्ये रेअर ज्युएल नावाच्या घोडीवर पैसे लावले, जिंकला, आणि ते पैसे घालून ओटावाकडून किंग क्लॅन्सीला 35,000 डॉलर आणि दोन खेळाडू देऊन आणलं. जुगारीच होता, पण डोळस.

हा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला आणि मागे कारभार बघायला फ्रँक सेल्की. 1943 मध्ये सेल्कीने स्माइथला न विचारता फ्रँक एडल्सचे हक्क माँट्रियलला देऊन टेड केनेडी नावाचा पोरगा घेतला. स्माइथ परदेशात, कळल्यावर भडकला. केनेडी पुढे लीफ्सचा कॅप्टन झाला, पाच कप जिंकला, म्हणजे सेल्कीचं शंभर टक्के बरोबर होतं, पण स्माइथच्या डोक्यातून ते जाईना. परत आल्यावर दोघांत बिनसत गेलं, 1946 ला सेल्की सोडून माँट्रियलला गेला आणि तिथे जीएम म्हणून सहा कप, त्यातले 1956 ते 60 सलग पाच. तिथली खालच्या टीमची फॅक्टरी त्याने उभी केली, पोलॉक त्याच्याच हाताखाली तयार झाला.

कंदीलराव, घाई वगैरे नंतर. आपल्याकडे पहिल्यापासून चांगल्या माणसाला मोकळेपणाने काम करू देत नाहीत. सेल्की, ग्रेगरी. आणि मला विचाराल तर डूबसही. पाच वर्षांत पहिल्यांदा 2023 ला एक फेरी जिंकला आणि महिन्याभरात काढला.

निळा_कंदील

काका, सेल्कीचं वाचून खरंच वाईट वाटलं, पण डूबसला त्या ओळीत बसवू नका प्लीज. 2023 ला मे महिन्यात त्याला काढलं आणि 1 जुलैला मॅथ्यूज आणि मार्नरच्या कॉन्ट्रॅक्टमधलं कुठेही हलवता न येण्याचं कलम सुरू होणार होतं. म्हणजे नव्या जीएमच्या हातात जेमतेम एक महिना. ट्रेलिव्हिंगने खुर्ची पुसेपर्यंत दार बंद. दोन वर्षांनी मार्नर गेला तेव्हा बदल्यात काय आलं, निकोलस रॉय. शंभर पॉइंटवाला खेळाडू देऊन तिसऱ्या लाइनचा सेंटर. हे बिल ट्रेलिव्हिंगच्या टेबलावर आलं पण जेवून गेला डूबस.

आणि ही कलमं वाटायची खोड जुनीच आहे हो. 2008 ला फ्लेचर परत तात्पुरता आला तेव्हा सुंडिन, टकर, काबर्ले, मकेब, कुबिना, पाच जणांपैकी एकानेही जायला होकार दिला नाही कारण सगळ्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ते कलम. सुंडिन शेवटी फुकट गेला.

सातारी_तर्री

एवढं वाचून माझं मत झालंय की लीफ्स ही टीम नाही, ही सिरियल आहे. सगळ्यात भारी कॅरेक्टर मला नॅथन हॉर्टन वाटतो, आत्ता शोधून वाचलं. 2013 च्या त्या मॅचमध्ये बोस्टनकडून 4-2 चा गोल ह्याचाच. त्याच उन्हाळ्यात तुमच्या तेव्हाच्या जीएम नोनिसने डेव्हिड क्लार्कसनला 7 वर्षांना 3 कोटी 67 लाखांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, ते फसलं, आणि 2015 ला क्लार्कसन कोलंबसला देऊन बदल्यात घेतला कोण, तर हाच हॉर्टन, ज्याची पाठ इतकी गेलेली की तो लीफ्सकडून एक मॅचही खेळला नाही!! पैसे देऊन न खेळणारा माणूस कोण विकत घेतं?

आकडेमोड्या

@सातारी_तर्री, तो उलट नोनिसचा सगळ्यात हुशार ट्रेड होता. दीर्घकाळ जखमी खेळाडूचा पगार असेल तर तेवढी मर्यादा ओलांडायची मुभा मिळते. खेळणारा नकोसा क्लार्कसन मर्यादेत जागा खात होता, न खेळणारा हॉर्टन खात नव्हता. पगार मालकाने भरायचा आणि टोरांटोच्या मालकाला पैशाची ददात नाही. श्रीमंत टीमचा जीएम असण्याचा हा एकमेव फायदा, आणि तोही स्वतःची चूक निस्तरताना वापरला.

कॅल्गरीकर

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. गिलमोर आणि सुंडिन घाईतले होते की नव्हते?

निळा_कंदील

नव्हते. हे बघा, त्या दोन्ही ट्रेडमध्ये फ्लेचरने समोर दिसणारं देऊन समोर दिसणारं घेतलं. लीमन काय आहे त्याला माहीत होतं, गिलमोर तुमच्याकडे पैशावरून वैतागलाय हे अख्ख्या कॅल्गरीला माहीत होतं, तुमच्या जीएमशी त्याचं वाजलं होतं. सुंडिनच्या वेळी पिक इकडून तिकडे गेले पण मुख्य सौदा क्लार्क विरुद्ध सुंडिन, 27 वर्षांचा मोडकळीला आलेला हिरो देऊन 23 वर्षांचा घेतला, म्हणजे उलट वय कमी केलं. ह्याला मी घाई म्हणत नाही, धाडस म्हणतो. 1996 ला त्याच क्लार्कला परत आणताना त्याने काय दिलं? 21 वर्षांचा केनी जॉन्सन आणि पुढच्या वर्षीचा पिक, जो कितव्या नंबरचा निघेल हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा माणूस तोच होता पण त्याची पाठ भिंतीला लागलेली होती, टीम घसरत चाललेली, नोकरी जाणार हे दिसत होतं, आणि 1997 ला गेलीच.

कॅल्गरीकर

म्हणजे फसलं की घाई, जमलं की धाडस. असली थिअरी मीही काढतो घरबसल्या.

निळा_कंदील

नाही हो, कसोटी देतो ना. ज्या वर्षीचा पिक दिला त्या वर्षी आपली टीम कुठे असेल हे देणाऱ्याला सांगता येत होतं का? मॅथ्यूज-नायलँडर असताना 2019 चा पिक मझिनसाठी दिला, मी काही बोलणार नाही, टीम वर असणार हे दिसत होतं. 1989 ला 1991 चा दिला, आंधळा. 2009 ला 2011 चा दिला, आंधळा.

सोनचाफा

मग ट्रेलिव्हिंगचं ह्या कसोटीवर सांगा. मार्च 2025 ला कार्लोसाठी बोस्टनला मिंटन आणि 2026 चा पहिला पिक, आणि लॉटनसाठी फिलाडेल्फियाला ग्रेबेन्किन आणि 2027 चा पहिला. तेव्हा मार्नर होता, तो राहील की जाईल हे माहीत नव्हतं. डोळस की आंधळा?

निळा_कंदील

आंधळा. पण बोस्टनवाल्या पिकला एक अट आहे, पहिल्या पाचात निघाला तर त्या वर्षी तो आपल्याकडेच राहतो. म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधली पण खाली थोडी फट ठेवलीये.

आकडेमोड्या

पहिल्या पाचात. आणि सहावा निघाला तर?

जुनाजाणता

तर परत बोस्टन. रास्क, सेगिन, आणि आता तिसरा कोण ते बघायला मी असेन नसेन, तुम्ही लिहून ठेवा.